आपट्याच्या पानाचं गाव

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. तो गेला बिचारा, माझ्याबद्दल चांगलं मत घेऊनच गेला. मुलांना सांगितली नाही. नातवंडांना तर नाहीच. ती मला आधीच अर्धी लबाड समजतात, उरलेली अर्धी आपल्या हातानं कशाला द्यायची? देवाला तरी सांगितली असेल म्हणाल, तर तेही नाही. देवापुढं उभी राहिले की मी नेहमी दुसऱ्यांच्याच तक्रारी सांगते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, समोर बसून माझ्या तोंडाकडं बघतही नाही. यापेक्षा बरी सोय कुठली?

गोष्ट एका पानाची आहे. म्हणजे पानावरच्या काळ्या ठिपक्याची. हसू नका. ठिपक्यापायी माणूस किती खाली उतरू शकतो हे मला तरी कुठं आधी ठाऊक होतं?

पानांवर बुरशी येते हे तुम्ही बघितलं असेल. भुईमुगावर टिक्का पडतो, काकडीच्या वेलावर भुरी, गव्हावर तांबेरा, आंब्याच्या पानावर काजळी. शहाणी माणसं असलं पान दिसलं की फवारणीचा पंप आणायला धावतात. आम्ही असलं पान दिसलं की आनंदानं उड्या मारायचो. मी तेव्हा बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि आमच्या सरांना आजारी पानांचं वेड होतं. "निरोगी पान कुणालाही दिसतं. आजारी पान दिसायला डोळा लागतो," असं ते म्हणायचे. आणि खरंच सांगते, त्यांनी तो काळा डाग सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले. साध्या डोळ्याला काजळाचं बोट पुसल्यासारखं दिसतं, आणि आत बघावं तर दोरे, फांद्या, फांद्यांना बोंडं, कुठं साखळीसारखे बिजाणू! आणि नखरे किती! आंब्यावरची फणसावर बसणार नाही, जांभळावरची दुसऱ्या कुणाकडं पाणीसुद्धा पिणार नाही. सोयरीक बघून राहणारी मंडळी.

अशी पानं वाळवून कागदाच्या पाकिटात घालायची आणि वर चिठ्ठी लावायची. झाड कुठलं, गाव कुठलं, तारीख, गोळा करणाराचं नाव. मग ती पाकिटं कपाटात. सरांचा एकच कडक नियम होता: "गाव नसलेलं पान म्हणजे पाचोळा." पान कुठं सापडलं हेच कळत नसेल, तर ते पुन्हा शोधणार कुठं?

चिठ्ठीवर गोळा करणारासाठी छापलेला शब्द होता 'कलेक्टर'. त्यापुढं माझं नाव. एकदा मी ती चिठ्ठी घरी नेली. आमचं घर बेळगावातल्या खासबागेत, घरात माग. आप्पांनी चिठ्ठी वाचली, माग थांबवला आणि गल्लीभर सांगत सुटले, "पोरगी कलेक्टर झाली!" शेजारच्या मागावरची माणसं येऊन पेढे मागायला लागली. ती चूक मी दुरुस्त केली असेल असं वाटतं तुम्हाला? छे. दोन वेण्या घातलेली ती भवानी आठवडाभर कलेक्टरसारखीच चालत होती. यावरून तुम्हाला तिचा स्वभाव कळला असेल.

आता सुमित्रा. सुमी. माझ्याच वर्गातली, नंदगडच्या पलीकडच्या वाडीची, शेतकऱ्याची मुलगी. ती दर आठवड्याला घरी जाऊन बसनं परत यायची आणि येताना रानातली पानं घेऊन यायची. आई पोरीच्या डोक्यातल्या उवा बघते ना, तशी ती झाडं बघायची. फांदी मांडीवर घेऊन, पान न् पान उलटून. आमचा मुलूख वाटलेला होता. खानापूर-नंदगडचं रान तिच्याकडं आणि निपाणीची बाजू माझ्याकडं, कारण तिथं माझ्या मावशीचं तंबाखूचं रान होतं. मी मावशीकडं जायचे, दोन वेळा जेवायचे, बांधावरनं चार करपलेली पानं उचलायचे आणि परत.

सरांना पुढं सगळा मुलूख हिंडून पानं गोळा करायचं मोठं काम मिळालं होतं. सोबतीला एकालाच घेता येणार होतं. सुमीला ती जागा हवी होती. कशासाठी म्हणाल तर पानांसाठी. मलाही हवी होती. कशासाठी? सुमीला मिळू नये म्हणून. त्या वयात मला हे कारण पुरेसं वाटायचं.

आणि दसरा आला.

आमच्या गल्लीतला दसरा म्हणजे दोन भाषांचा. आम्ही मराठी घरं आपट्याची पानं वाटायची, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. शेजारची कानडी मंडळी बन्नीचे डहाळे, म्हणजे शमी, घेऊन यायची, 'बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण'. अर्थ तोच. संध्याकाळभर माणसं येतात, पाया पडतात, हातात पान ठेवतात आणि तीच पानं आपण पुढच्याच्या हातात ठेवतो. एकच पान चार घरं फिरून परत आपल्याच ताटात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ताट उचलत होते. आई ओरडली, "सोनं केरात घालू नको गं, पेटीत ठेव." मी मूठ भरली आणि एक पान सहज उलटलं.

खालच्या बाजूनं डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे, फुगीर ठिपके. चमकणारे. मी आपट्यावर असलं काही कधी बघितलं नव्हतं. भिंग आणलं, अंगणात उन्हात बसले. इथवर सगळं खरं आहे हो! उत्सुकता खरी होती, छाती धडधडली ती खरी होती. इथंच थांबले असते तर आज तुम्ही माझं कौतुक वाचत असता.

सरांनी पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मग डोळा न काढताच विचारलं, "कुठलं?"

काय सांगणार? 'ताटातलं'? सगळ्या मुलखातनं हातोहात फिरून आलेलं पान — त्याचं गाव कुठलं? गाव नाही म्हणजे पाचोळा. आणि पाचोळा आणणारीला कोण सोबत नेणार? माझ्या तोंडातनं निघून गेलं, "नंदगडचं."

नंदगडच का? दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात पानं विकणाऱ्या बायका ओरडत होत्या, 'नंदगडचं सोनं घ्या, नंदगडचं!' मी कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आले, मी खोटं कुठं बोलले, मी त्या बायकांचंच सांगितलं. काय पण वकिली! रत्नागिरीचा हापूस म्हणून ओरडणाऱ्याची बाग कुठं असते, हे मागवाल्याच्या पोरीला कळत नव्हतं होय? शिवाय ते पान आम्ही विकत घेतलेलंच नव्हतं. कुणीतरी दिलेलं होतं. कुणी, कोण जाणे.

पण नंदगड तर सुमीचं रान. सर तिच्याकडं वळले. रागावले नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणाले, "दर आठवड्याला तू त्याच वाटेनं येतेस ना?"

सुमी गेली. आपट्यामागून आपटा बघितला. पिशव्या भरभरून पानं आणली, सगळी स्वच्छ. सर मान हलवायचे. ती परत जायची. एका रविवारी तिनं मलाच सोबत नेलं, म्हणाली, "तू झाड तरी दाव." त्या दिवसाचं नंतर सांगते. नाही, टाळत नाहीये. टाळतेय. जरा दम घेऊ द्या.

त्याच्या नंतरच्या आठवड्यात सुमी डोळे तपासायला गेली. सोबत कोण? मीच. बाकावर बसले होते, पाय हलवत. डॉक्टरांनी तिला अक्षरं वाचायला सांगितली, तिनं अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधडा वाचली. डॉक्टर हसले, "पोरी, घारीचे डोळे हायत तुझे. पाखराच्या पापण्या मोजशील."

सुमी म्हणाली, "मग मला दिसलं का न्हाय?"

डॉक्टरांना काय माहीत ती कशाबद्दल विचारतेय. त्या खोलीत उत्तर माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते बाकावर पाय हलवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून सरांकडं गेली. म्हणाली, "सर, मला न्हाय दिसत." सर म्हणाले, "नजर आहे तुला. डोळा नाही." जागा मला मिळाली. सुमीनं भिंग प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं आणि परत कधी उचललं नाही.

त्या जागेचं मी काय सोनं केलं विचारा. पहिल्या वर्षी हिंडले. दुसऱ्या वर्षी जळवा, चिखल आणि एसटीला कंटाळले, लग्न करून मोकळी झाले. पुढं जन्मभर अकरावीच्या पोरांना पानाचे भाग शिकवले. सुमी कडोलीला सून म्हणून गेली, तिथल्या शाळेत शिक्षिका झाली. आणि ऐका गंमत, आम्ही मैत्रिणीच राहिलो. कडोलीला साहित्य संमेलन भरतं, तिथं दरवर्षी शेजारी शेजारी खुर्च्या पकडतो, कवितांना मनापासून टाळ्या वाजवतो आणि कवींना हळूच नावं ठेवतो. पानांचा विषय ती काढत नाही. मी तर कशाला काढेन?

पण मला एक खोड लागली. दर दसऱ्याला माणसं सोनं देऊन गेली की मी दाराआड भिंग घेऊन बसते. प्रत्येक पान उलटते. ते ठिपक्याचं पान कुठून आलं होतं? चंदगडच्या घाटातनं? हुक्केरीच्या माळावरनं? की आमच्या खासबागेशेजारच्याच शहापुरातल्या कुणाच्या परसातनं? ती बुरशी अजून जिवंत आहे का? कुठल्या झाडावर मजेत नांदतेय? हे कुतूहल खरं आहे, त्यात लबाडी नाही. नात म्हणते, "आज्जी खरं सोनं हाय का बघती." बाजारात पानं विकणाऱ्या बाईला मी विचारलं, ही कुठल्या रानातली, कुठल्या बाजूची, झाड ओढ्याकाठी होतं का? तिनं कमरेवर हात ठेवला. "आज्जी, सोनं घ्यायचं हाय का पोलिसगिरी करायची हाय?" इतकी वर्षं झाली, तो ठिपका परत दिसला नाही.

आणि यंदा अश्विनी आली. निपाणीची पोरगी, संशोधन करते. या सगळ्या भागातल्या पानांवरच्या बुरशीच्या जुन्या नोंदी गोळा करून संगणकात घालतेय आणि एकेक परत रानात जाऊन शोधतेय. घरात आली ती चप्पल काढता काढताच बोलायला लागली. "आज्जी, कलेक्टर तुम्हीच न्हवं? बाकीच्या जुन्या नोंदी परत गावायल्यात. तुमचं नंदगडचं तेवढं गावंना. मी किती खेपा घातल्या! एकदा तर गावातली माणसं विचारायला लागली, 'बाई, काय हरवलंय?' तुम्ही चला की. झाड दावा."

झाड दावा. तेच शब्द.

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. आधण उकळून उकळून आटलं. आणखी एका पोरीला मी त्या रानात फिरवणार होते काय? बाहेर आले आणि सांगून टाकलं, "ते पान नंदगडचं नव्हे. दसऱ्याच्या ताटातलं."

ती इतकी हसली की सोफ्यावर आडवी झाली. मग उठून बसली, आणि तिच्या डोळ्यांत काय आलं सांगू? तेच, जे माझ्या डोळ्यांत अंगणात आलं होतं. "मग आज्जी, ते कुठनं आलतं?" आम्ही दोघी दुपारभर जमिनीवर नकाशा पसरून बसलो. त्या वर्षी आमच्याकडं कोण कोण आलं असेल, कुणाचं गाव कुठलं, कुठं आपटा जास्त. इतकी मजा मला किती वर्षांत आली नव्हती. नोंदीत आता 'ठिकाण अज्ञात' असं लिहिणार म्हणाली. जाताना पाया पडली. "किती प्रामाणिक हो तुम्ही! या वयात कोण कबूल करतंय?"

आणि मी ते कौतुक घेतलं. पदर सावरून, मान खाली घालून, अगदी शोभेल असं. सुमीचं नावसुद्धा काढलं नाही.

पण जुन्या पाकिटांवर कलेक्टर म्हणून सुमीचंही नाव होतंच. अश्विनी कडोलीला गेली. परवा सुमीचा फोन आला.

"काय गं कलेक्टरीणबाई! ती निपाणीची पोरगी आलती."

"व्हय?"

"नंदगडचं न्हवतंच म्हणं ते पान. ताटातलं हुतं?"

"व्हय गं."

सुमी हसली. आधी हळू, मग खो खो. "लई वांड हैस गं तू! आणि मी खुळी, रानभर हिंडतोय!" मीही हसले. म्हटलं, सुटले. सत्तरी ओलांडलेल्या दोन म्हाताऱ्या, कुठलं पान आणि काय. हसण्यावारी गेलं. पण पलीकडं ती मनात काहीतरी जुळवत होती, मला ऐकू येत होतं.

"मग त्या दिवशी झाडाखाली," ती म्हणाली, "तू मला काय दावलंस?"

मी म्हटलं, "आवाज येत न्हाय गं. रेंज गेली वाटतं." आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

तर, तो रविवार. आता टाळत नाही.

नंदगडच्या पुढं रान लागतं तिथं आम्ही सकाळीच उतरलो. सुमीनं भाकरी आणली होती, मी भाजलेल्या शेंगा. "कंचं झाड?" म्हणाली. मी एका आपट्याकडं बोट केलं. तोच का? त्याची सावली चांगली होती. सुमीनं फांद्या वाकवल्या, एकेक पान उलटून बघायला लागली. मी बुंध्याला टेकून शेंगा फोडत बसले. ऊन वर आलं. ती फांदीमागून फांदी बघत होती आणि माझ्या ओटीत टरफलं साठत होती.

शेवटी ती खाली आली. हातांना ओरखडे होते, पण तोंड हसरं होतं. "एक बी न्हाय गं. हितं न्हायच. म्हंजे मी चुकलो न्हवतो!" सुटल्यासारखं म्हणाली. उद्या ती सरांना हेच सांगणार होती. अमुक झाड, सगळं बघितलं, काही नाही. आणि मग सर माझ्याकडं वळले असते.

मी उठले. टरफलं झटकली. झाडाचं एक पान खुडलं, तिच्यापुढं धरलं, वर भिंग धरलं. "हे काय! हितं, शिरेला लागून. दिसंना व्हय तुला?"

तिनं बघितलं. पान उन्हात तिरकं केलं. भिंग ओढणीनं पुसलं, परत बघितलं. माझ्याकडं एकदा बघितलं. परत पानाकडं. तिचं हसू जाताना मी अगदी जवळून पाहिलं. आमच्यामध्ये ते भिंगच तेवढं होतं. मग ती म्हणाली, "व्हय... दिसलं."

तिला दिसलं नव्हतं. माझा शब्द पडू नये म्हणून म्हणाली, की लाजून, मला माहीत नाही. मी पान टाकून दिलं. परतीच्या वाटेवर तिनं एकाही झाडाकडं मान वर करून बघितलं नाही.

फोनवर तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. रविवारी कडोलीला जाऊन तिच्यासमोर बसून हेच सांगणार आहे. त्या पानावर काही नव्हतं, सुमे. डागाचं एखादं पान हाताला लागलं असतं, तर तो डाग कशाचा हे तू बघताक्षणी सांगितलं असतंस. म्हणून मी चार पानं बाजूला सारून स्वच्छ पान शोधलं. निरोगी आहे हे नीट बघून मगच खुडलं.